टोपली कुठं हाय?

मुलांनो, अशी कल्पना करा. तुम्हाला एका खुर्चीवर बसवलंय. समोर कॉम्प्युटर. मागे चार माणसं उभी आहेत, त्यांना सगळं येतं. पण तुम्ही अडलात तरी एकही तोंड उघडणार नाही.

पनवेलच्या एका ऑफिसात गुणाबाई अशी बसली होती. करंजा बंदरावरची कोळीण, पनवेलच्या बाजारात मासे विकणारी. अलीकडे गिऱ्हाईक आटलं होतं. ऑफिसात घरपोच मासळीची वेबसाइट तयार होत होती. मालक धर्मराज म्हणाला होता, "मावशी, यावर पापलेट मागवून दाखवा. मग मासे तुमच्याकडूनच घेऊ."

वेबसाइट सोपी आहे का, हे ती बनवणाऱ्याला कळत नाही; त्याला वाट पाठ असते. म्हणून नवख्याला बसवून तो कुठे अडतो ते बघतात. मदत करत नाहीत. परीक्षा वेबसाइटची असते, माणसाची नसते. गुणाबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पापलेट सापडलं. आता ते विकत घ्यायला कोपऱ्यातलं ढकलगाडीचं चित्र दाबायचं होतं.

"गाडी कशाला? गाडीवर भाजी इकतात," गुणाबाई म्हणाली. "मासली ठेवाला टोपली कुठं हाय?"

मागे हशा पिकला. "अरे, टोपली द्या मावशींना! बर्फ पण द्या!"

शेजारी बसलेल्या नातीनं, पाचवीतल्या पूर्वीनं, माउसकडे हात नेला.

"ए, हात नाही लावायचा!" धर्मराज ओरडला.

गुणाबाई पदरानं घाम पुसत दिसेल ते दाबत राहिली. पापलेट पडद्यावरून गेलं. "मी हरली काय गो?" तिनं नातीला विचारलं.

"परेश, गाडी काढ, टोपली टाक," धर्मराज खुशीत म्हणाला. वेबसाइट बनवणाऱ्या परेशनं लगेच चित्र बदललं.

"मंग मासं कदी आनू, सायेब?"

"मासे कोल्ड स्टोरेजमधून येणार, मावशी. ते कधीच ठरलंय. तुम्ही कुठे अडकता तेवढंच बघायचं होतं. चहा घेऊन जा हां." मग तो पूर्वीकडे वळला. "ये बाळा, तू मागव पापलेट. आता शेंबडं पोरसुद्धा मागवेल."

गुणाबाई उठली. पूर्वी तिच्या खुर्चीवर बसली. टोपली समोरच होती, लालभडक, पेरूएवढी. पूर्वीनं माउस पडद्यावर सगळीकडे फिरवला. टोपलीवरूनही सावकाश नेला.

"नाय सापडत," ती म्हणाली.