गिरणीचं चाक

झाकीरने पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि वरून हातोडा हाणला. आवाज दबका आला. पिस्टन जागचा हलला नाही.

"तीन दिस डिझेल पाजलं, तरी रुसलेला. मावशी, तुमच्याच वळणावर गेलाय."

भातगिरणीच्या दारात बसलेली बायजा हसली नाही. एरवी तिने झाकीरला असं सुटू दिलं नसतं.

तिचा मनोज इंजिनाचं मोठं चाक धरून उभा होता. मोहोपाड्याचा कारखाना बंद पडल्यापासून आठ महिने तो घरीच होता. फार्महाउसवाल्यांना बिनपॉलिशचा तांदूळ हवा असतो, हे त्याने हेरलं होतं. नवं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. वडिलांचं, वीस वर्षं जाम होऊन पडलेलं हे इंजिन सुटलं, तरच गिरणी फिरणार होती.

झाकीरने हवेचा पाइप काढून फरशीवर आपटला. गंजाबरोबर पांढरी खपली पडली. ती त्याने जिभेला लावली आणि थुंकला.

"मीठ? इंजिनात मीठ कुठलं रं?"

मनोजने मान वर केली नाही. "पावसाचं पाणी गेलं आसंल. तू ठोक."

थोड्या वेळाने झाकीर हात धुऊन जुम्म्याच्या नमाजाला गेला. गिरणीत मायलेक उरले.

मनोजला नोकरीचं पत्र आलं, तो उन्हाळा बायजाला लख्ख आठवत होता. 'गिरणी सोडून जायाचं नाय,' एवढंच तिचा नवरा हिरामण म्हणाला होता, आणि पत्र फळीवर पडून राहिलं होतं. एका दुपारी हिरामण जेवून आडवा झाला असताना ती पदराआड बरणी घेऊन इथे आली होती. इंजिन जाम झालं, गिरणी थांबली आणि मनोज नोकरीवर गेला. पुढे दोन वर्षं, मरेपर्यंत, हिरामण रोज सकाळी इंजिनात रॉकेल ओतायचा आणि चाकाला झोंबायचा. जेवताना म्हणायचा, 'माज्याच हातनं काय तरी ऱ्हायलं गं.' ती भात वाढायची.

"मनोज, ते मीठ..."

"ठाव हाय."

बायजाने पदर तोंडाशी नेला.

"त्या रातीच्या पेजेत मीठ नव्हतं, आये. बरणी पालथी व्हती. रॉकेलचं नरसाळं धुऊन वाळत घातलेलं."

"मंग बोलला का नाय?"

"मला जायाचं व्हतं." तो फडक्याने चाक पुसू लागला. पुसलेलंच पुन्हा पुसत राहिला. "बाबा इथं ठोकत बसायचा. मी डबा घेऊन समोरनं जायाचो."

झाकीर परतला तेव्हा दोघेही तसेच होते. त्याने ठोकळा बसवला, मनोजला चाकावर जोर लावायला सांगितलं आणि तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला आत काहीतरी करकरलं. चाक बोटभर फिरलं.

"सुटला," झाकीर म्हणाला. "आता घाई नको. थोडं म्होरं, थोडं मागं. तुजा बाबा करायचा ना, तसं. आमच्या ग्यारेजातनं रोज दिसायचा."

मनोजने चाकावरचे हात काढले.

झाकीर त्याच्याकडे बघत राहिला. "काय झालं रं? धर की."

बायजा उंबऱ्यावरून उठली. गुडघ्यावर हात रेटत आली आणि मनोजने सोडलेलं चाक तिने धरलं.

"सांग," ती झाकीरला म्हणाली, "कुठं वढू?"