उरलेले अकरा खेळ

सुधन्वा आगटेच्या कपाटात त्रेपन्न व्हिडिओ गेम होते, आणि त्यातल्या बहुतेकांचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. लहानपणी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर तासभर ताटकळावं, तेव्हा कुठे पाच मिनिटं हातात यायची. आता गुडगावात बड्या कंपनीत नोकरी, अकराव्या मजल्यावर फ्लॅट. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात चक्कर झाली की दोन सीड्या घरी आल्याच म्हणून समजा. पण खेळायला वेळ कुठला? दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि चणे आले तेव्हा दात गेले, दुसरं काय.

शेवटी होळीच्या सुमारास बायकोनं, उत्तरानं, फर्मान काढलं. तिच्या माहेरी पुण्याला पानात भाताचं शीतदेखील टाकायची सोय नव्हती, आणि तोच नियम तिनं सीड्यांना लावला. "घेतलंस ना पानात? मग आधी ते संपव. तोवर नवीन एकही घरात येणार नाही."

नऊ वर्षांच्या रसिकानं लगेच वहीत त्रेपन्न नावं लिहून काढली. दर शनिवारी-रविवारी सकाळी सोफ्यावर बापलेक बसायची. तो खेळायचा, ती संपलेल्या खेळासमोर बरोबरची खूण करायची. गचाळ खेळही सोडायचा नाही, कारल्याची भाजी संपवावी तसा संपवायचा. दसऱ्यापर्यंत गाडी छान चालली होती.

मग तो मरायला लागला. म्हणजे खेळात, बरं का. गाड्यांच्या शर्यतीत आपटला, पुन्हा आपटला, सातव्यांदा आपटला तेव्हा रसिका म्हणाली, "बाबा, यार, तुला ट्रक नाही दिसला?"

"कुठला ट्रक?"

"अरे, डावीकडून आला ना. एवढा मोठा."

"गेमच फालतू आहे," तो म्हणाला. माणूस आहे, स्वतःला नाही दोष देत. पुढच्या खेळात डावीकडच्या तिरंदाजांनी त्याला टिपला. त्याच्या पुढचा खेळ तर अगदी बाळबोध, वरून पडणाऱ्या विटा नीट रचायच्या, बस. त्यात कोण दगा देणार? पण त्याचा ढीग उजवीकडे चढत गेला आणि खेळ संपला. रसिका शांतपणे म्हणाली, "डावीकडे सगळी जागा होती. तू तिकडे टाकतच नाहीस." सुधन्वानं टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजारात गेल्यावर त्यानं टीव्ही लावला, समोर मधोमध नजर रोखली आणि डावा डोळा झाकला. पडद्याचा डावा भाग गायब. मग उजवा झाकला. तरी तेच. तिथं काळं काही नव्हतं. काळं दिसलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी गेलंय एवढं तरी कळलं असतं. तिथं काही असायला हवं होतं, असंच वाटत नव्हतं. मान वळवली की सगळं जागच्या जागी, जणू मघापासून तिथंच होतं.

सोमवारी तो कुणाला न सांगता मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात गेला. समोरचा तक्ता त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. "आँखें तो एकदम फर्स्ट क्लास हैं, सर," दुकानदार म्हणाला, आणि सुधन्वाला जास्तच भीती वाटली. डोळे चांगले, तर मग बिघाड कुठे आहे? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यानं शोधलं. पहिल्याच पानावर मेंदू आणि गाठ हे दोन शब्द शेजारी शेजारी दिसले, तसं त्यानं पान बंद केलं.

आता शहाण्या माणसानं काय करावं? बायकोला सांगावं, डॉक्टरांकडे जावं. पण भीती माणसाला शहाणं राहू देते होय? सुधन्वानं स्वतःशीच एक करार केला. वहीतले अकरा खेळ उरले आहेत. घेतलेलं संपवायचं, मग डॉक्टर. तोवर त्या गोष्टीला नाव नाही, आणि नाव नाही तोवर ती नाही. मग गंमत बघा, इतकी वर्षं खेळ संपत नाहीत म्हणून कुरकुरणारा माणूस आता ते संपू नयेत म्हणून मुद्दाम हरायला लागला. उत्तरा म्हणाली, "डिसेंबर आला, अजून अकरा बाकीच?" तो म्हणाला, "कठीण आहेत गं."

गाडी मात्र तो रोज चालवत होता. ऑफिसला गाडीनंच जायचं, वाटेत रसिकाची शाळा. मान जरा जास्त वळवायची, झालं, असं तो मनाला समजावत असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर रसिकानं स्कूलबस सोडून बाबाच्याच गाडीनं जायचा हट्ट धरला होता, त्याचं त्याला भारी कौतुक वाटलं होतं. पोर शेजारच्या सीटवर बसून अखंड बडबडायची. बाबा, गाय. बाबा, रिक्षा. बाबा, ती बघ स्कूटर.

त्या गुरुवारी सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडून त्यानं गाडी डावीकडे वळवली.

"बाबा, सायकल," रसिका म्हणाली.

त्यानं आधी ब्रेक दाबला, मग मान वळवली. ड्यूटी संपवून घरी निघालेला चौकीदार सायकल हातात धरून उभा होता, बंपरपासून वीतभर अंतरावर. मग तो मान हलवत, सायकल ढकलत निघून गेला. सुधन्वानं गाडी कडेला घेतली.

गाय, रिक्षा, स्कूटर, सगळं डावीकडचंच, त्याला आता आठवलं. ती बडबड नव्हतीच.

"रसिका, तुला कधीपासून माहितीये?"

"विटांच्या गेमपासून." ती समोरच्या काचेतून रस्ता बघत होती. आताही तिची नजर हलत नव्हती. "म्हणून तर बस सोडली. मला वाटलं, तुला माहिती असेल."

"आईला का नाही सांगितलंस?"

"तू नव्हतं सांगितलंस ना."

रसिकानं दप्तराचा पट्टा मुठीत आवळला.

"शाळेपर्यंत मी असते," ती म्हणाली. "पण पुढे ऑफिसपर्यंत तुझ्या डावीकडे कुणीच नसतं. पहिल्या तासाला मॅम काय शिकवतात, मला काहीच कळत नाही, बाबा. वर्गाच्या दारात कुणी आलं की वाटतं, मला घ्यायलाच आले."

सुधन्वानं इंजिन बंद केलं. किल्ली मात्र तशीच लटकत राहिली. रसिकानंच वाकून ती काढली आणि दप्तरात टाकली. मग त्यानं उत्तराला फोन लावला.

"खाली गेटपाशी ये," तो म्हणाला. "मला डावीकडचं दिसत नाही."