राहून गेलेला ‘न’

मित्रांनो, मी एक कीबोर्ड आहे. दुकानात खोक्यात बंद होऊन येतात, त्यांच्यातला मी नाही. एका माणसाने माझा एकेक भाग निवडून मला हाताने जुळवले आहे. आता मी जुना झालो. माझ्या कडांचा रंग उडाला आहे आणि एका कोपऱ्यावर पोचा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की आधी आपले वैभवाचे दिवस सांगतात. मीही तेच करणार आहे. पण माझ्या वैभवाच्या दिवसांची मला लाज वाटते, हे आधीच सांगून ठेवतो.

मला बनवले ते दादाने. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोखंडी दोर ओढून आणि बोल्ट आवळून त्याचे पंजे फावड्यासारखे झाले आहेत. कीबोर्ड जुळवायचा नाद त्याला कुठून लागला कोण जाणे, पण लागला तो असा की सुट्टीच्या दिवशी जेवायच्या टेबलावर ताटांना जागा उरत नसे. वहिनी ताटे घेऊन उभी राही आणि म्हणे, “जेवण मांडीवर वाढू का?”

मला तो आपल्या धाकट्या बहिणीसाठी बनवत होता. तिचे काम वेगळेच आहे. सभा चालू असते तेव्हा ती एका बाजूला बसते आणि बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द टाइप करते. ती अक्षरे समोरच्या मोठ्या पडद्यावर उमटतात. ज्यांना ऐकू येत नाही ते लोक पहिल्या रांगेत बसून सभा वाचतात. ते सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. मात्र दादा तिला चिमणे अशी हाक मारतो.

माझ्यासारख्या कीबोर्डचा जीव असतो स्विचमध्ये. प्रत्येक बटणाखाली एक छोटा स्विच असतो आणि त्याच्या पोटात एक स्प्रिंग असते. कुठला स्विच दाबला की टिक्क वाजतो. कुठल्यात बोट खाली जाताना मध्येच हलकीशी ठेच लागते. कुठला लोण्यात सुरी शिरावी तसा सरळ खाली जातो. दादाने तऱ्हेतऱ्हेचे स्विच मागवले आणि एकेक दाबून पाहिला. हलक्या स्प्रिंगचे त्याला पसंत पडेनात. “हे कसले, फुंकर मारली तरी दाबले जातील,” म्हणून त्याने ते बाजूला सारले. शेवटी एक जड, ताठ स्विच त्याच्या बोटाला आवडला.

वहिनी म्हणाली, “अहो, तिला एकदा दाबून बघू दे की.”

“मग गंमत काय राहिली?” दादा म्हणाला. “आणि मला काय कळत नाही का? लहानपणापासून ओळखतो तिला.”

मग माझ्या नशिबात स्विच बसवायची पितळेची जाड पट्टी आली, अ‍ॅल्युमिनियमचे भारदस्त कवच आले. दादाने प्रत्येक स्विच उघडला, बारीक कुंचल्याने वंगण लावले आणि मिटला. तासन्‌तास मान मोडून तो हे करी. माझ्या अंगावर दाट निळी बटणे बसली आणि दादाने मला पहिल्यांदा वाजवले, तेव्हा ‘ठक्’ असा खोल, गोल आवाज आला. दादाचा चेहरा उजळला. त्याने तो आवाज टिपून आपल्या नादिष्ट मित्रांना पाठवला. “काय आवाज आहे राव,” “कुणाला दिलास तर याद राख,” अशी उत्तरे येत राहिली. मी फुगलो होतो, मित्रांनो. मला वाटत होते, वाजण्यासाठीच माझा जन्म आहे.

दादाने मला ताईच्या हाती दिले त्या दिवशी तिने मला मांडीवर घेऊन सगळीकडून हात फिरवला. “दादा, तू हे घरी बनवलंस?” असे तिने दोनदा विचारले. मग मला टेबलावर ठेवून तिने एक ओळ टाइप केली.

त्या पहिल्याच ओळीत मला कळायचे ते कळले. तिची बोटे बारीक होती. वर्षानुवर्षे टाइप करून त्यांचे सांधे सुजलेले होते. माझे प्रत्येक बटण तिला ढकलावे लागत होते, जड दार ढकलावे तसे. ओळीच्या शेवटी तिने हात मागे घेतला आणि टेबलाखाली नेऊन बोटे चोळली. दादाला ते दिसले नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, आणि चेहरा ती हसरा ठेवून होती.

“कसा आहे?”

“छान आहे. खूपच छान आहे.”

दादा गेल्यावर तिने मला सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवले. बाहेर तिचा जुना कीबोर्ड चालू होई. चपटा, स्वस्तातला, अक्षरे पुसलेला. त्याचा पचपच आवाज कपाटात ऐकून माझा जळफळाट होई. मी हिला शोभतच नाही, हिला कदर नाही, असे मी मनात म्हणत असे. दादा यायचा असला की मात्र मी टेबलावर यायचो आणि जुना पलंगाखाली जायचा. तेवढ्यापुरती माझी धूळ पुसली जाई.

मग ती सभा आली.

बाजाराचा रस्ता रुंद करायचा घाट घातला गेला होता. रस्त्याकडेची लहान दुकाने राहणार की जाणार, हे त्या सभेत नगरपालिकेचे साहेब सांगणार होते. दुकानदारांच्या तोंडचे पाणी पळाले होते. पहिल्या रांगेत शिंपीणकाकू येऊन बसल्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच बाजारात कपडे उसवून नीट करायचे त्यांचे दुकान आहे. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बोलणे कळते आणि घरात, दुकानात त्या थोडे बोलतातही. पण चारचौघांत त्यांनी कधी तोंड उघडले नव्हते.

त्या दिवशी दादाने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. “तुझं काम कधी बघितलंच नाही, चिमणे. आणि आपला कीबोर्ड कसा चालतो तेही बघतो,” असे तो म्हणाला होता. ताईने पिशवीत दोन्ही कीबोर्ड घेतले. सभागृहात दादाने मागच्या खुर्चीवरून अंगठा वर करून दाखवला आणि ताईने पिशवीतून मला बाहेर काढले.

सुरुवातीला निभावले. बोलणारे सावकाश बोलत होते. पण जसजसा वेळ गेला तसतशी तिची बोटे जड होत गेली. मला जाणवत होते. आधी बटण तळापर्यंत जाई, मग अर्ध्यावरून परत येऊ लागले. पाणी प्यायला सभा थोडी थांबली तेव्हा ताईने पिशवीत हात घातला. जुन्या कीबोर्डच्या वायरीला तिची बोटे लागलीही होती. तेवढ्यात दादा टेबलाशी आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय वाजतोय! पार मागेपर्यंत ऐकू येतो. चालतोय ना झकास?”

ताईने पिशवीतून हात बाहेर काढला. “हो,” ती म्हणाली.

सभा पुन्हा सुरू झाली. साहेब उभे राहिले आणि कागदावरून भरभर वाचू लागले. ताईच्या कपाळावर घाम आला होता. साहेबांनी वाचले, “दुकाने न पाडण्याचा निर्णय झाला आहे.” ताईने सगळी अक्षरे दाबली. ‘न’सुद्धा दाबला. पण तो दाब माझ्या स्प्रिंगला पुरला नाही. बटण अर्ध्यात गेले आणि मी त्याला परत लोटले. ताईचे डोळे साहेबांच्या तोंडाकडे होते, ती पुढच्या वाक्यावर गेली.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटले: दुकाने पाडण्याचा निर्णय झाला आहे.

शिंपीणकाकू उठल्या. ओढणी सावरत त्या उभ्या राहिल्या आणि बोलल्या. त्यांचा आवाज उंच, वेडावाकडा होता, कारण त्यांनी तो स्वतः कधी ऐकलेला नव्हता. “का पाडता? आम्हाला कुणी विचारलं? आम्ही जायचं कुठं?”

सभागृहात आधी कुजबुज झाली, मग मागे कुणीतरी फिस्सकन हसले आणि हसू पसरत गेले. साहेबांनी नुकतेच नेमके उलटे सांगितले होते ना. “अहो बाई, पाडणार नाही म्हणतोय आम्ही,” साहेब म्हणाले, आणि तेही हसले. काकूंची नजर साहेबांवर, मग लोकांवर, मग पडद्यावर अशी भिरभिरत राहिली.

तेव्हा कुठे ताईने मान वर करून पडदा वाचला. तिने ‘न’ घातला. ती उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, “चूक माझी आहे. काकूंनी बरोबर वाचलं. मी चुकीचं लिहिलं.”

हसू थांबले. काकूंनी बदललेली ओळ वाचली, पिशवी उचलली आणि कुणाकडे न पाहता त्या दाराबाहेर गेल्या. दुकान वाचल्याची बातमी होती, पण त्या मान खाली घालून गेल्या. मला त्या टेबलावर अंग चोरायला जागा नव्हती.

घरी जाताना दादा समजूत घालत होता. “होतं असं. जरा जोर देऊन दाबायचं, बस. स्विच अगदी चांगले आहेत.”  घरी पोचल्यावर ताई तोंड धुवायला आत गेली. दादाने मला तपासायला म्हणून पिशवीतून काढले, तर माझ्याखाली तो जुना कीबोर्ड निघाला.

“चिमणे, हा अजून कशाला ठेवलायस?”

ती टॉवेलने तोंड पुसत दारात आली. “वापरते.”

“कधी?”

“रोजच.”

“आणि हा?”

“तू येतोस तेव्हा.”

 दादाने माझ्या ‘न’चा स्विच चिमट्याने उपसला, उजेडात धरला, दाबून पाहिला. स्विचमध्ये काडीचाही बिघाड नव्हता. बिघाड असता तर त्याला बरे वाटले असते.

“सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला.

“किती हौसेने केला होतास तू. जिवावर आलं सांगायचं.”

“हात बघू.”

ती देईना. त्याने टॉवेल बाजूला करून हात घेतला. सुजलेले सांधे त्याने पहिल्यांदाच पाहिले. मघाशी आपण तिला जोर देऊन दाबायला सांगितले, हे आठवून त्याचे कान लाल झाले. समोर ठेवलेला चहा त्याने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी बहीणभाऊ शिंपीणकाकूंच्या दुकानात गेले. दादाने मला काखेत घेतले होते. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि दोरीवर लटकलेल्या विजारी. ताई बोलायला लागली तशी दादाने तिला थांबवले. काकूंना ओठ दिसावेत म्हणून तो वाकून, सावकाश म्हणाला, “चूक तिची नाही. हा मी बनवला. तिला न विचारता, माझ्या बोटांना आवडेल तसा बनवला. तिला तो झेपत नव्हता.”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी चकचकीत होतो. असा चकचकीत की मला मातीत जावेसे वाटले.

“लोक हसले ते मला ऐकू आलं नाही,” काकू म्हणाल्या. “पण दिसलं.”

 काकू पुन्हा मशीनकडे वळल्या आणि विजारीची शिवण सुईखाली सरकवली. बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने ते दोघे बाहेर आले.

त्या आठवड्यात दादाने माझे सगळे स्विच उपटून काढले. ताईला शेजारी बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या बोटाखाली एकेक सुटा स्विच धरला. “हा?” “जड.” “हा?” “हलका आहे, पण फारच निसटता.” “हा?” ती थांबली, पुन्हा दाबला. “हा जातो सहज. आणि मध्ये बारीकशी ठेच लागते ना, ती हवी. न बघता कळतं, अक्षर उमटलं म्हणून.” दादा इतकी वर्षे स्विच जुळवत होता, पण ठेच कशासाठी हवी असते, हे त्याने कुणाला विचारलेच नव्हते. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने दाराशी येऊन दादाकडे एकदा पाहिले, यातच सगळे आले.

पितळेची पट्टी गेली, तिच्या जागी मऊ पट्टी आली. माझा खोल ‘ठक्’ गेला. आता मी पुटपुटल्यासारखा वाजतो. दादाच्या मित्रांनी नवा आवाज ऐकून विचारले, “काय वाटोळं केलंस रे?” 

तेव्हापासून मी प्रत्येक सभेला जातो. ताईची बोटे माझ्यावर चालतात आणि टेबलाखाली जाऊन चोळली जात नाहीत. काकू मात्र बरेच दिवस फिरकल्या नाहीत. मग एका सभेला आल्या. पहिल्या रांगेत बसल्या नाहीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा त्या उठून ताईच्या टेबलाशी आल्या, मला आपल्याकडे वळवून घेतले आणि एका बोटाने, अक्षरे शोधत शोधत टाइप केले: दुकानापुढची गटार उघडी आहे. कधी झाकणार?

पडद्यावर वाक्य उमटले. साहेबांनी वाचून उत्तर दिले आणि ताईने ते लिहिले. कुणी हसले नाही. काकूंनी ते वाचले, मान हलवली आणि त्या परत दाराजवळ जाऊन बसल्या.

ताईला त्या दिवशी आनंद झाला. दादाला सांगताना ती किती बोलत होती. दादाने ऐकून घेतले आणि मग हळूच विचारले, “पण बोलल्या नाहीत ना?”  काकू अजून येतात, प्रश्न विचारतात, दर वेळी माझ्यावर टाइप करून विचारतात. सभेत त्यांचा आवाज त्या एका दिवसानंतर कुणी ऐकलेला नाही.

मित्रांनो, वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. माझे तसे काही मागणे नाही. धूळ बसली तर बसू दे. एवढेच सांगतो, कुणासाठी काही बनवायला घ्याल तर त्या माणसाला शेजारी बसवून घ्या. वस्तू त्याच्या हातात द्या आणि त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी हाताकडे बघा. मग आमच्यासारख्यांना आपल्याच चकाकीची लाज वाटणार नाही.