भिंतीवरची आमटी

“पप्पा, लॉकडाऊन उठल्यावर सगळ्यात आधी कुठं जाणार?”

हा प्रश्न नंदूनं फॅमिली ग्रुपवर टाकला तो मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. त्यातली संस्कृती म्हणाली होती, “घरात कुणीही विचारील. सगळ्या पाहुण्यांसमोर विचार, तर मानू.” नंदू नुकतीच नववी पास झाली होती, बिनपरीक्षेची का होईना. ती कुणाला भिते होय!

पप्पांचं उत्तर लगेच आलं. “दुसरीकडं कुठं? सरकारची तिजोरी भरायला!” पुढं बाटलीचं चित्र. झालं, सुप्याच्या काकांपासून पाथर्डीच्या मावशीपर्यंत सगळ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. “ज्ञानूदादा, आमचा पण नंबर लाव!”

शेवटचा हसरा चेहरा आईचा होता. नंदूनं मान वर केली. आई समोरच बसली होती. पिठाच्या बोटानं तिनं मोबाईल बाजूला सारला आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली. तोंडावर हसू नावाला नव्हतं.

नंदूनं ते मनावर घेतलं नाही. दारूची दुकानं बंद झाल्यापासून घर कसं निवांत झालं होतं. सुरुवातीला पप्पांचे हात थरथरले, चिडचिड झाली. मग मात्र ते संध्याकाळचे घरी दिसायला लागले. मळ्याच्या वाटेवर त्यांनीच तिला स्कूटी शिकवली. “घाबरू नको, मी हाय ना मागं,” म्हणत धावायचे आणि धापा टाकत हसायचे.

मग दुकानं उघडली. पप्पा स्कूटीवरूनच गेले. रांगेतला सेल्फी ग्रुपवर आला, मास्क हनुवटीवर. “कोरोना योद्धा!” काकांनी लिहिलं. त्या संध्याकाळी आईनं काचेचे कप वरच्या फळीवर ठेवले आणि नंदूला लवकर जेवायला वाढलं. आईची ही जुनी सवय काही मोडली नव्हती. आमटी अळणी झाली एवढंच निमित्त, आणि पप्पांचं ताट भिंतीवर गेलं.

सकाळी आई ओल्या फडक्यानं भिंत पुसत होती. हळदीचा डाग निघता निघेना. मोबाईल वाजला, मावशीचा जोक: ‘बायकोपेक्षा बाटली बरी, घरात कोंडली तरी भांडत नाही.’ एका हातानं भिंत पुसता पुसता आईनं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हसरा चेहरा टाकला.

“आई, तुला हसू येतं?”

“नाही टाकला तर विचारतील, काय झालं म्हणून. कुणाकुणाला सांगत बसू? दमले बाई मी.”

नंदूनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि उरलेल्या डागाचा फोटो काढला.

ओट्यावर मान खाली घालून चहा पीत बसलेले पप्पा दचकले. “ए, काढून टाक ते! पाहुण्यांत बापाची शोभा करतीस व्हय?”

“अजून टाकला नाही.” नंदूनं मोबाईल पाठीमागं धरला. “दोघंही ऐका. यापुढं ग्रुपवर पप्पांचा दारूचा जोक आला, नाहीतर आई, तू कुणाच्या जोकला हसलीस, तर खाली मी हा फोटो टाकणार. आणि स्कूटीची किल्ली आजपासून माझ्याकडं. दुकानात जायचं तर चालत जा, पप्पा.”