सत्यवतीची टेप

संघर्ष जाधव मुरुडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. २००५ साली त्याने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा त्याच्याकडे एक छोटा व्हिडिओ कॅमेरा होता, लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसला. त्यातलं चित्रही लग्नाच्या कॅसेटसारखंच दिसायचं. पुढचा माणूस, मागची भिंत, भिंतीमागचं नारळाचं झाड, सगळं सारखंच स्पष्ट. सिनेमात चेहरा तेवढा उठून दिसतो आणि मागचं विरघळून जातं. त्याला ते हवं होतं.

तसला कॅमेरा त्याच्या आवाक्यातला नव्हता. पण जगभर त्याच्यासारखी माणसं घरच्या घरी खटपट करत होती, आणि सायबर कॅफेत बसून तो त्यांचं सगळं वाचायचा. जुन्या फोटो कॅमेऱ्याची लेन्स घ्यायची, तिच्यामागे घासून धुरकट केलेली काच बसवायची, आणि काचेवर पडलेलं चित्र व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपायचं. काचेचे कण दिसू नयेत म्हणून एक बारकी मोटर लावून ती सतत थरथरत ठेवायची. लेन्स आणि काच बसवायला बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कमलेशने लेथवर त्याला नळी करून दिली. चित्र उलटं यायचं, म्हणून बघायचा टीव्हीही उलटा ठेवावा लागे.

गोष्ट होती समुद्रावरून नवरा परत न आलेल्या बाईची. बाईचं काम सत्यवती करणार होती. ती कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकायची. तिची मुलगी मानसी संघर्षच्या वर्गात होती, आणि नवरा तीन वर्षांपूर्वी बोटीसकट बुडालेला. संघर्षने भीत भीतच विचारलं होतं.

"माझीच गोष्ट हाय, सर," ती म्हणाली. "मंग दुसरी बाई कशाला?"

एका रविवारी सकाळी तिच्याच घरात शूटिंग लागलं. मानसीला त्याने बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं. सत्यवतीने त्याने लिहिलेला कागद ऐकून घेतला आणि म्हणाली, "मी असं न्हाय बोलत. माझं मी सांगते."

ती चुलीकडे बघत बोलायला लागली. "जायच्या दिवशी त्याने चाय मागितली. आमचं आदल्या दिवशी भांडण झालेलं. मी म्हटलं, दूध न्हाय. तो तसाच गेला." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "दूध होतं."

संघर्षची नजर उलट्या टीव्हीवर होती. मोटर मध्येच बंद पडली होती. थरथर थांबलेल्या काचेवरचे सगळे कण आणि एक मोठा डाग सत्यवतीच्या गालावर येऊन बसले होते. इतक्या महिन्यांची मेहनत त्या डागाने वाया घालवली असं त्याला वाटलं.

"ताई, पुन्हा एकदा घ्यावं लागेल."

"पुन्हा?" तिने त्याच्याकडे बघितलं. "ते पुन्हा कसं सांगू?"

त्या दिवशीचं शूटिंग तिथेच थांबलं. संघर्षकडे टेपा दोनच होत्या. घरी जाऊन त्याने मोटर दुरुस्त केली, सकाळचीच टेप मागे फिरवली आणि दुपारभर माडांचे चाचणीचे शॉट तिच्यावरच घेतले. चित्र सुरेख आलं होतं.

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवं निघायचं. सिनेमासारखं चित्र देणारे फोटो कॅमेरे आले तेव्हा त्याने आधीचं सगळं रद्द केलं. नळी, काच, मोटर, कशाचीच गरज उरली नव्हती. तो परत पहिल्यापासून सुरू करायचा, आठ-दहा प्रसंग घ्यायचा, तेवढ्यात त्याहून चांगला आणि त्याहून स्वस्त कॅमेरा यायचा. मग जुनं चित्र त्याला बघवत नसे. सत्यवती दर वेळी हातातलं काम टाकून यायची, लाइट लागेपर्यंत गप्प उभी राहायची. तिचे केस पिकत गेले, आणि आधीच्या शूटिंगशी काहीच जुळेना.

२०१४ साली त्याने खरोखरीचा सिनेमा कॅमेरा घेतला, तळहाताएवढा. त्यावर चुलीपुढचा तो प्रसंग पुन्हा घेतला. सत्यवतीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती, मागची भिंत मऊ होऊन गेली होती.

"त्याने चाय मागितली," ती म्हणाली. "पण घरात दूध न्हवतं. तो तसाच गेला." आणि मग, "बरोबर बोलले ना, सर?"

"बरोबर," तो म्हणाला. पूर्वी ती काय बोलली होती ते त्याला आठवत होतं. पण तिला परत विचारायची त्याची छाती झाली नाही.

सिनेमा झाला नाही. २०१९मध्ये सत्यवतीला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. चार वर्षांनी ती वारली.

दिवसकार्य झाल्यावर मानसी संघर्षच्या घरी आली. ती आता पनवेलला नर्स होती.

"सर, आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. तुमच्याकडे असेल ना?"

त्याने तिला २०१४चा प्रसंग लावून दिला. तिने तो तीनदा बघितला. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबांचं शेवटचं ती मला कधी सांगायचीच नाही. एवढंच होतं होय. मी उगाच काय काय मनात आणायचे."

संघर्षला गप्प राहता आलं असतं.

"पहिल्यांदा ती वेगळं बोलली होती, मानसी. तू ओट्यावर होतीस तेव्हा."

"काय बोलली?"

त्याने सांगितलं.

मानसी पडद्यावर थांबलेल्या आईकडे वळली. "ती टेप लावा."

"नाहीये. मी तिच्यावर दुसरं शूट केलं."

"काय शूट केलंत?"

"माड."

ती उठली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझी आई तसं करणारी नव्हती. आणि केलं असतं तर मला सांगितलं असतं, तुम्हाला नाही. ती गेल्यावर असं बोलायला नको होतं, सर."

पेन ड्राइव्हवर तिने तेवढा एकच प्रसंग मागून घेतला. संघर्षने तो उतरवून दिला. हार्ड डिस्कवर सत्यवती आणखी कित्येक तास होती, लाइटची चाचणी चालू असताना गप्प उभी असलेली. ते हवंय का, असं त्याने विचारलं. मानसीने मान हलवून नको म्हटलं आणि चपला घातल्या.

पुढच्या आठवड्यात त्याने तिला दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. नंतर त्यानेही केला नाही.