स्टँडसह कंठा

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता दादाने आमचा कंठा स्वतःच्या गळ्यात घातला, आणि तो काही केल्या निघेना.

आमचा म्हणजे तिघांचा. कागदावर तो मी काढला, कारण दागिन्यांची रचना करणं हा माझा धंदा. तांब्याचा पट्टा दादाने घडवला. तो धातूकाम करतो, आणि घरात कुणाचा नुकता डोळा लागला की नेमकी त्याला ठोकायची हुक्की येते. कंठ्यातले अकरा निळे मणी वहिनीचे. वहिनी काच फुंकते. फुंकून फुंकून तिचा दम असा वाढलाय की भांडणात ती एका श्वासात चार वाक्यं बोलते आणि समोरच्याला मधे घुसायला फट सापडत नाही. घरामागची लांबट खोली ही आमची तिघांची कार्यशाळा. एका टोकाला वहिनीची भट्टी, दुसऱ्या टोकाला दादाची ऐरण आणि मधे माझं टेबल. म्हणजे मी एका अंगाने भाजते आणि दुसऱ्या कानाने बहिरी होते.

"घातलास कशाला पण?" मी विचारलं.

"वजन कसं वाटतंय ते बघत होतो," दादा म्हणाला.

"आरशासमोर उभं राहून?"

यावर तो मानेमागचा खटका चाचपायला लागला.

खटका माझ्या डोक्यातून निघालेला होता. कंठ्याचा जोड कुठेही दिसू नये म्हणून मी मानेमागच्या दोन मण्यांतच तो लपवला होता. दोन्ही मणी एकदम दाबले की आतली बारीक पट्टी सुटते आणि कंठा उघडतो. लाकडी स्टँडवर तो शंभर वेळा लोण्यासारखा उघडला होता. दादाच्या मानेवर मात्र मणी दाबून दाबून माझे अंगठे लाल झाले, तरी पट्टी हलेना.

"याचा पट्टा वाकलाय," वहिनी म्हणाली.

"हिचे मणी जाड झालेत," दादा म्हणाला.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. "रचनाच चुकलीय," दोघं एका सुरात म्हणाली.

मी करवत उचलली. "ठीक आहे. पट्टा कापते."

"खबरदार!" दादाने दोन्ही हातांनी गळा झाकला. "सहा आठवडे घातलेत त्या पट्ट्यात. मान काप हवी तर."

"मग एक मणी फोडू."

"फोडूनच दाखवा वन्सं!" वहिनी फुंकणी घेऊन उभी राहिली. एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, मामला गंभीर आहे. "एकेचाळीस वेळा फसला तेव्हा बेचाळिसाव्या वेळेला हा निळा साधला. नवरा काय, असाही बरा दिसतोय."

एवढ्यात आई आली. तिने चष्मा नाकावर ढकलला आणि लेकाला मागून-पुढून न्याहाळलं. "लहानपणी जिन्याच्या कठड्यात डोकं अडकवून बसला होता," ती म्हणाली. "तेव्हाही हेच. कठडा कापू नका म्हणून रडत होता." मग तिने साबण लावला, तेल लावलं, शेवटी साय लावली. कंठा झकास चकाकायला लागला, दादाला घरातल्या मांजराने चाटलं, आणि खटका होता तिथेच राहिला.

दहा वाजता वस्तू मांडायच्या होत्या. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते प्रदर्शन, आणि तिघांनी मिळून केलेली ही पहिलीच वस्तू. शेवटी जो तोडगा निघाला तो माझाच होता, हे मी नाकारत नाही.

"दादा," मी म्हटलं, "तू स्टँड हो."

आईलाही बरोबर घेऊन आम्ही निघालो. प्रदर्शनाच्या दारात नोंदणीचं टेबल होतं आणि टेबलामागे एक अत्यंत नेटके गृहस्थ. त्यांनी आमचा अर्ज वाचला, दादाकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला.

"इथे उंची बावीस सेंटिमीटर लिहिलीय."

"थोडी वाढली," मी म्हणाले.

"वजन तीनशे ऐंशी ग्रॅम."

"तेही," वहिनी म्हणाली.

त्यांनी शांतपणे दोन्ही आकडे खोडले. 'साहित्य' या रकान्यात तांबे, काच असं होतं, त्यापुढे सुवाच्य अक्षरात 'व इतर' असं लिहिलं. "वस्तू चौथऱ्याच्या बाहेर जाता कामा नये," त्यांनी बजावलं. "आणि वस्तूने खाल्लेलं चालत नाही. दालनात खाद्यपदार्थांना मनाई आहे."

आम्ही दादाला चौथऱ्यावर चढवलं, मानेपासून खाली काळं कापड गुंडाळलं आणि ताकीद दिली, हलायचं नाही, बोलायचं नाही, पापण्या शक्यतो लववायच्या नाहीत. शेजारी आमचा लाकडी स्टँड रिकामा उभा होता. तो दादापेक्षा जास्त हुशार दिसत होता, पण हे मी मनात ठेवलं.

पहिला तास बरा गेला. लोक येत, कंठा बघत, मग वर चेहरा बघून चपापत. एका काकूंनी दादाचा गाल चिमटीत धरून पाहिला. "मेणाचा आहे," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "पण स्वस्तातला. दाढी किती ओबडधोबड केलीय बघा."

साडेअकराला दादाला शिंक आली. चांगली सणसणीत शिंक. समोरचे काका दोन पावलं मागे सरले आणि मान डोलावून म्हणाले, "आत मशीन बसवलंय. हल्ली सगळ्यात बसवतात."

बारा वाजता परीक्षक आले. एक उंच गृहस्थ होते, बोलताना हाताने हवेत गोल काढणारे. आणि एक बाई, ज्या ते गोल पुसल्यासारखा हात हलवत.

"या चेहऱ्यावरची वेदना पाहा," गृहस्थ म्हणाले. "अलंकाराच्या ओझ्याखाली घुसमटलेला माणूस!"

"मला ती भूक वाटते," बाई म्हणाल्या.

बाईंचं बरोबर होतं. दादाच्या पोटातून तेवढ्यात असा आवाज आला की पलीकडच्या दालनातली काचेची झुंबरं किणकिणली. उंच परीक्षकांनी डोळे मिटले. "ध्वनीसुद्धा!" ते पुटपुटले आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

चारच्या सुमारास एक ठेंगणीठुसकी बाई आली. खांद्याला मोठी पिशवी, पायात सपाट बूट. तिने कंठा पाहिला आणि थबकली. पाच मिनिटं ती फक्त मण्यांकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला हा हवा. मागच्याच आठवड्यात निवृत्त झाले. चौतीस वर्षं हातात रबरी मोजे आणि गळ्यात काही नाही. आता मी काहीतरी घालणार. घालून बघू?"

मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने दादाकडे पाहिलं.

"त्यात एक अडचण आहे," स्टँड म्हणाला.

बाई किंचाळली नाही. दचकलीसुद्धा नाही. "अडकलाय होय?" ती म्हणाली. "कधीपासून?"

"सकाळी साडेसातपासून."

"म्हणजे साडेआठ तास. काही फार नाही." तिने पिशवी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. "मी प्रसूतिगृहात नर्स होते. अडलेलं सोडवण्यातच जन्म गेला माझा. याला खाली बसवा. आई कोण? तुम्ही? त्याचा हात धरा."

आईने हात धरला, मी मण्यांतला खटका दाखवला. नर्सबाईंनी कंठा आणि मान यांच्या मधे करंगळी घालून पाहिली आणि त्यांना क्षणात कळलं ते आम्हा तीन कलावंतांना दिवसभरात कळलं नव्हतं. आतली पट्टी सुटायला आतल्या बाजूला थोडी जागा लागते. लाकडी स्टँडची मान बारीक, म्हणून तिथे ती सुटायची. दादाची मान मुळातच जाड, त्यात सकाळपासून घाबरून त्याने ती फुगवून धरली होती.

"चूक कुणाचीच नाही," नर्सबाई म्हणाल्या. "बाळाचं डोकं... आपलं, मान मोठी आहे. हं, खोल श्वास घ्या. सोडा. जोर लावू नका! मी सांगेन तेव्हा."

"दुखतंय," दादा म्हणाला.

"सगळेच म्हणतात. घ्या श्वास. हनुवटी वर. आता सोडा, सोडा, सगळा सोडा. वहिनी, डावा मणी. तुम्ही उजवा. दाबा!"

खट्.

कंठा माझ्या हातात आला. पट्टा शाबूत, अकराच्या अकरा मणी शाबूत. भोवती जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. वहिनी रडायला लागली. मला वाटलं नवऱ्यासाठी, पण तिने कंठा घेऊन मणी मोजले आणि मगच नवऱ्याच्या गळ्यात पडली.

नर्सबाईंनी कंठा घातला. त्यांच्या आखूड, गोऱ्या मानेवर तो निळा असा काही उजळला की आम्ही तिघंही पुढे वाकून बघायला लागलो. दादा हळूच म्हणाला, "लाकडावर असा कधीच दिसला नव्हता." त्या म्हणाल्या, आता हा काढायचा नाही, अशीच घरी जाते, बसमध्ये लोकांनी बघितलंच पाहिजे. आणि पैसे चुकते करून त्या खरोखरच तशा गेल्या.

पाच वाजता बक्षिसं होती. दादा चौथऱ्याच्या कडेला बसून आईने पिशवीत लपवून आणलेलं केळं खात होता, तेवढ्यात घोषणा झाली: सर्वोत्कृष्ट मांडणीचं बक्षीस, क्रमांक सतरा. क्रमांक सतरा म्हणजे आम्ही. परीक्षक आमच्याच दिशेने येत होते. मी दादाला पुन्हा चौथऱ्यावर ढकललं. कापड गुंडाळायला वेळ नव्हता आणि केळं तोंडातच राहिलं.

उंच परीक्षक दादाच्या रिकाम्या गळ्याकडे बघत राहिले.

"दागिना काढून टाकलात," ते हलक्या आवाजात म्हणाले. "केवढं धाडस! आता तर हे शिल्प जास्तच बोलकं झालंय."

"तोंडात काहीतरी आहे त्याच्या," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. बोलायचं आहे, पण बोलता येत नाही!" त्यांनी हवेत मोठा गोल काढला आणि मानचिन्ह पुढे केलं. "हे घडवलं कुणी?"

मी दादाकडे पाहिलं. दादा गिळायच्या खटपटीत होता. वहिनीने दीर्घ श्वास घेतला, पण तिच्या आधी आई पुढे झाली. तिने पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी मानचिन्ह घेतलं.

"मी," ती म्हणाली. "फार त्रास दिला हो याने."