पाच तासांत तेवीस ग्रॅम

दुपारी एक वाजता कोऱ्या पिल्लाचं वजन एकशे एक्क्याण्णव ग्रॅम भरलं. सकाळी आठला ते एकशे अडुसष्ट होतं.

"तेवीस ग्रॅम!" मावशी म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं तुम्हाला? चिवट आहे मेलं."

मी पिल्लू उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. एकशे एक्क्याण्णव. मला आनंद व्हायला हवा होता, पण आकडा पटेना. अकरा दिवसांचं धडधाकट मांजराचं पिल्लू दिवसभरात दहा-पंधरा ग्रॅम वाढतं. हे तर तीन दिवसांत एका ग्रॅमनंही वाढलं नव्हतं.

आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात आली तेव्हा पिल्लं पाच होती. कुणीतरी दाराशी खोकं ठेवून गेलं होतं. पाचवं दुसऱ्याच दिवशी मावशींच्या हातात दगावलं. उरलेली चारही कोळशाच्या खड्यांसारखी, अंगावर एक पांढरा केस नाही. कुणी किती दूध प्यायलं, कुणाचं वजन किती, हे लिहायचं तर ओळख पटायला हवी. म्हणून मावशींनी नातीकडून नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आणल्या आणि मी मागच्या डाव्या पायाच्या एकेका नखाला रंग लावला. लाल, गुलाबी, पांढरा. चौथ्याला काहीच नाही, ते कोरं. तीन रंगांत चार पिल्लं ओळखता येतात, मग चौथ्याला रंग कशाला, असा माझा विचार. ते सगळ्यात अशक्त होतं. गरम पाण्याची पिशवी घालून वेगळ्या खोक्यात ठेवलेलं असायचं आणि त्याला दर तासाला दूध पाजावं लागायचं. बाकीच्यांना तीन तासांनी.

"पांढरं द्या जरा," मी म्हणाले.

पांढऱ्याचं वजन एकशे पासष्ट भरलं. सकाळी एकशे नव्वद होतं.

"काटा बिघडलाय," मावशी म्हणाल्या.

मी शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं. काट्यानं बरोबर शंभर दाखवले.

"मावशी, सकाळी टोपली साफ केली तेव्हा काय काय केलंत? सगळं सांगा."

"काय करणार? चौघांना टबात ठेवलं, गोधडी बदलली. त्या पांढऱ्याचा पाय दुधानं नुसता चिकट झाला होता, म्हणून कापसानं पुसला."

"पाण्यानं?"

"स्पिरिटनं. पाण्यानं निघेना. रंगही निघाला. पण मी परत लावला हो! लगेच नाही, तुम्ही तेव्हाच हाका मारायला लागलात."

मी हाका मारल्या होत्या हे खरं. टेंपोखाली आलेला कुत्रा घेऊन एक माणूस आत आला होता आणि मी समोरच्या खोलीतून ओरडले होते, "मावशी, हात द्या, लवकर!" अर्धा तास आम्ही दोघी त्याच्यापाशी होतो. डॉक्टर आमच्याकडे एक दिवसाआड येतात, आज त्यांचा दिवस नव्हता. ते फोनवरून सांगत होते, मी करत होते. कुत्रा वाचला नाही. मग मावशी हात धुऊन टबापाशी गेल्या, तेव्हा टबात रंग नसलेली दोन पिल्लं होती.

"एक गप्प पडलं होतं," मावशी हळूच म्हणाल्या. "एक वळवळत होतं. गप्प होतं ते कोरं असणार असं वाटलं, म्हणून वळवळत्याला पांढरा लावला."

गप्प होतं ते पोट भरून झोपलं होतं. वळवळणाऱ्याला भूक लागली होती.

म्हणजे सकाळपासून धडधाकट पिल्लू उबेत झोपून दर तासाला दूध पीत होतं, आणि अशक्त पिल्लू भावंडांच्या ढिगात कडेला ढकललं जात होतं.

"अकराला पांढरं नीट प्यायलं का?"

"अर्धं सांडलं. मला वाटलं, नखरे करतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी..."

"हो. अदलाबदल झाली."

हे जरा सावकाश सांगता आलं असतं. पण माझं लक्ष पिल्लाकडे होतं. त्याच्या हिरड्या फिकट होत्या आणि थर्मामीटर चौतीस अंश दाखवत होता. मी मागे वळले तेव्हा मावशी पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, हात मांडीत घट्ट धरून. मग एकदम उठल्या. "दूध आणते."

"नको. गार पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब. छत्तीस होईपर्यंत थेंबसुद्धा नाही."

"उपाशी आहे ते!"

"माहीत आहे मला."

मी पिल्लू ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलं, बाहेरून गरम पिशवी लावली आणि डॉक्टरांना फोन केला. "हळूहळू तापवा, घाई नको," ते म्हणाले. "आणि पाजायला मावशींना सांगा. तुमच्या हाताला ते जमत नाही."

मावशींनी ते ऐकलं. "मी नाही हात लावणार आता. एक गेलंय माझ्या हातात."

"मावशी..."

"नाही म्हटलं ना, ताई!" त्या कोपऱ्यातला झाडू घेऊन झाडलेलीच खोली झाडायला लागल्या.

चौतीस पूर्णांक सहा. पस्तीस पूर्णांक एक. मध्येच कुत्रा आणणाऱ्या माणसाचा फोन आला. कसा आहे, त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं परत तेच विचारलं आणि फोन ठेवेना. मला थर्मामीटर बघायचा होता. शेवटी मीच "ठेवते" म्हणाले. पस्तीस पूर्णांक सात.

छत्तीस व्हायला पाऊण तास लागला. मी सिरिंज भरली, पिल्लाच्या तोंडाच्या कडेला लावली आणि हलकंच दाबली. पिल्लानं गिळलं नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर नाकातून दुधाचा बुडबुडा आला.

झाडू खाली पडल्याचा आवाज आला.

"द्या इकडे! बुडवून मारताय का त्याला? नळ सोडल्यासारखं काय दाबता?" मावशींनी पिल्लू माझ्या हातातून काढूनच घेतलं. डोकं खाली करून नाक पुसलं, मग पालथं धरलं, हनुवटीखाली एक बोट. "असं. आईखाली पालथं पितं ना ते? शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये?"

त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. एक थेंब. थांबल्या. पिल्लाचा गळा हलला की नाही, मला दिसलं नाही.

"गिळलं," मावशी म्हणाल्या.

दुसरा थेंब. या वेळी मलाही दिसलं.

दोन मिली पाजायला वीस मिनिटं लागली. मग मी चारही पिल्लं ओळीनं घेतली. पांढरा रंग पुसून ज्याचा त्याला लावला; तीनच रंग होते, म्हणून कोऱ्याच्या दोन नखांना लाल. "कोऱ्याला खूण नाही ठेवली, ती चूक माझी," मी म्हणाले. मावशींनी सिरिंज धुवायला घेतली. दर तासाला त्याच पाजत होत्या.

सहा वाजता, पाजायच्या आधी, मी त्याचं वजन केलं.

"किती?" मावशी काट्याकडे बघत नव्हत्या.

"एकशे सहासष्ट."

"दुपारी पासष्ट होतं."

"हो."

"म्हणजे वाढलं."

"एक ग्रॅम, मावशी. काट्यात एवढा फरक धरावाच लागतो."

"तो तुम्ही धरा," त्या म्हणाल्या आणि दूध कोमट करायला गेल्या.